शिंकणारा हापसा

सास्तूरजवळच्या आमच्या वस्तीत त्या साली पाण्याचं एकच ठिकाण उरलं होतं, बलभीम तात्यांच्या अंगणातला नळ. पाणी फुकट मिळायचं. फक्त कळशी भरेपर्यंत तात्यांचं बोलणं ऐकावं लागायचं, आणि तात्यांनी तोटी अशी आवळून ठेवली होती की पाण्याची धार करंगळीएवढी पडायची.

तात्यांची उमर नळदुर्गात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करण्यात गेली. बायको वारल्यावर दुकान मुलाच्या हवाली करून ते वस्तीवर राहायला आले. घरात बोलायला कोणी नव्हतं. मग नळाशेजारी खुर्ची टाकून ते बसायचे आणि आलेल्या बाईला पंप समजावून सांगायचे.

"पंप पाणी ओढतो असं वाटतं ना तुमाला? साफ चूक," ते सुरू करायचे. "पंप नळीतली हवा काढून घेतो, बस. मग विहिरीच्या पाण्यावर बाहेरची हवा बसलेली असती, ती पाण्याला नळीत वर ढकलती. त्या हवेची ताकद पंचवीस-तीस फुटांची. पाणी त्याच्या खाली गेलं की काठावरचा पंप नुसता बोंबलत बसतो."

दुसऱ्या कळशीला काठावरच्या पंपाचा पंखा यायचा. ताक घुसळताना रवी जशी ताक कडेला फेकते तसा तो पाणी फेकतो, आणि फेकलेलं पाणी पाइपात शिरतं. तिसऱ्या कळशीला पाणबुडी मोटर. तिच्यात पंखे एकावर एक रचलेले असतात, आणि गवंड्याला विटा वर द्याव्यात तसा खालचा पंखा वरच्याला पाणी देतो. महिन्याभरात वस्तीतल्या बायकांना हे इतकं पाठ झालं होतं की तात्यांना ठसका लागला तर पुढचं वाक्य त्याच सांगायच्या.

तसं पाहिलं तर समाजमंदिरापुढं हापसाही होता. पण आदल्या उन्हाळ्यात त्यानं पाणी द्यायचं बंद केलं, आणि तात्यांनी त्याला मेलेला ठरवला. मोटारींच्या विद्येसोबत तात्यांना नारळाचीही विद्या होती. तळहातावर नारळ आडवा ठेवून ते रानात फिरायचे, खाली पाणी असलं की नारळ आपसूक उभा राहायचा म्हणे. हापशाभोवती त्यांनी नारळ फिरवला, तो आडवाच राहिला. "झरा मेला," तात्या म्हणाले. वस्तीनं मान हलवली आणि हापसा सोडून दिला. तेव्हापासून त्याच्या दांड्याला धुरपताबाईची शेळी बांधलेली असायची.

धुरपताबाई एकटीच राहायची. परसात वांगी लावायची आणि सास्तूरच्या बाजारात नेऊन विकायची. तोंडानं फटकळ, पण मनात काही ठेवायची नाही. तिची जीवाभावाची मैत्रीण म्हणजे शिवकांताअक्का. अक्काचं रान समाजमंदिराच्या पाठीलाच होतं. त्या रानातही तात्यांचा नारळ उभा राहिला नव्हता. अक्कानं नारळाकडं दुर्लक्ष केलं, विजेचा खांब जवळ पडेल तिथं बोअर पाडली, आणि पाणी लागलं. थोडं होतं, जेमतेम तिच्या रानापुरतं, म्हणून तिनं पाणबुडीऐवजी कंप्रेसर बसवला. त्याची हवा एका बारीक नळीतून बोअरमध्ये जायची आणि जाड नळीतून पाणी उचक्या देत वर यायचं. तात्यांना ते कधी पचलं नाही. "ते पाणी न्हाय, थुंकी हाय," ते म्हणायचे.

त्या दिवशी सकाळी अक्कानं कंप्रेसर चालू केला आणि रानातला पाइप सांध्यात निसटला. पाणी भलत्याच सरीत चाललेलं पाहून तिनं धावत जाऊन बोअरवरचा जाड नळीचा कॉक बंद केला. मोटर बंद करायचं तिच्या ध्यानात आलं नाही. ती पाइप जोडत बसली.

त्याच वेळी धुरपताबाई हापशाच्या ओट्यावर बसून मांडीवरच्या वांग्यांतली किडकी वेगळी करत होती. हापशाच्या पोटात गुरगुर झाली. शेळीनं कान टवकारले आणि ती दोरी ताणून मागं सरली. मग हापसा खोल कुठूनतरी मोठ्यानं शिंकला, आणि तोंडातून गढूळ पाण्याचा फवारा धुरपताबाईच्या पाठीवर आला.

तात्यांच्या नळावरून कळश्या घेऊन येणाऱ्या बायका जागीच थांबल्या. हापसा आणखी दोनदा शिंकला आणि गप्प झाला. तात्यांना बोलावणं गेलं. ते आले, दांडा धरून खालीवर केला. थेंब आला नाही.

"पाइपात जुनं पाणी साचलेलं असंल," ते म्हणाले.

"वर्षभर साचलं होतं व्हय, तात्या?" एका बाईनं विचारलं.

तात्यांना ते आवडलं नाही. ते ओल्याचिंब धुरपताबाईकडं वळले. "तू काय केलंस गं त्याला?"

"म्या काय करू? वांगी निवडत होते."

"मग वांग्यानं आलं म्हण पाणी," तात्या म्हणाले, आणि सगळ्यांकडं बघून हसले. "आमी चाळीस वर्षं खामखा पान्हे घासले. वांगं घेऊन बसायला पायजे होतं."

बायका हसल्या. धुरपताबाईनं पदर पिळला, शेळी सोडली आणि थेट अक्काच्या रानात गेली.

अक्कानं सगळं ऐकून घेतलं. मग ती बोअरकडं वळली. बोअरच्या तोंडावर तिनं सरडे-बेडूक पडू नयेत म्हणून घट्ट टोपण बसवून घेतलं होतं. सकाळी नळीचा कॉक बंद होता, वर टोपण बंद होतं, आणि कंप्रेसर हवा खाली ढकलत होता.

"धुरपता, तात्या हवेचं काय सांगतात? तिसऱ्या कळशीच्या नंतर?"

"हवा खाली सोडायची. बुडबुडे मिसळले की पाणी हलकं होतं आन् उसळून वर येतं," धुरपताबाईनं धडा म्हटल्यासारखं सांगितलं. "हवेला लाज नसती. वाट मिळंल तिकडं घुसती."

"माज्या बोअरच्या अन् हापशाच्या मधी खडकात चीर असणार."

अक्कानं सुनेला हाक मारली. महेश्वरी मोबाइल घेऊन हापशापाशी जाऊन उभी राहिली आणि इकडं अक्कानं कॉक बंद केला. मोटरचा आवाज जड झाला.

"काय न्हाय, आत्ती," महेश्वरी फोनवर म्हणाली. "काय न्हाय. शेळी चारा खायची थांबली. आता गुरगुरतोय. आत्ती, शिंकला बगा, माजी साडी भिजली."

अक्कानं कॉक उघडला. तिच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते धुरपताबाईनं त्यांच्या लहानपणानंतर बघितलं नव्हतं.

"मला हसले ते सगळ्यांपुढं," धुरपताबाई म्हणाली.

"मग उत्तर पण सगळ्यांपुढंच देऊ," अक्का म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बायका तात्यांच्या नळाकडं निघायच्या वेळेला, धुरपताबाई न्हाऊन, कपाळभर भस्म लावून हापशापाशी आली. उजव्या तळहातावर देठासकट एक जांभळं वांगं होतं. चपला तिनं लांबच काढल्या. डोळे अर्धे मिटून ती हापशाभोवती फिरू लागली, अगदी तात्या नारळ घेऊन फिरायचे तशी, दर चार पावलांवर थबकत आणि नाकानं हवा ओढत.

बायका थांबल्या. कळश्या खाली ठेवल्या गेल्या. कोणीतरी तात्यांना सांगायला पळालं. ते गळ्यात टॉवेल टाकून, हसू दाबत आले.

महेश्वरी समाजमंदिराच्या खांबाला टेकून उभी होती. तिनं अक्काला मिसकॉल दिला. पण अक्का कॉकपाशी पोचेपर्यंत आणि हवा खडकातून वाट काढेपर्यंत वेळ जाणार होता. तो कसा काढायचा हे धुरपताबाईनं ठरवलंच नव्हतं. काहीतरी पुटपुटायला हवं होतं. तिला मंत्र एकही येत नव्हता. मग हातात वांगं होतं, तर त्याचंच जे सुचेल ते ती पुटपुटू लागली.

"तीळ, कूट, कांदा, लसूण, कारळ्याची चटणी. मीठ, चिंच, गूळ, वरून फोडणी."

ती ते इतक्या खालच्या आवाजात आणि इतक्या गंभीरपणानं म्हणत होती की पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं हात जोडले. फोडणी तिसऱ्यांदा पडली तेव्हा हापशाच्या पोटात गुरगुरलं. धुरपताबाईनं वांगं हापशाच्या तोंडासमोर धरलं. हापसा शिंकला. मग पुन्हा. मग पाण्याच्या उचक्या एकामागून एक सुरू झाल्या आणि बायकांनी कळश्या पुढं सरकवल्या.

तात्यांचं हसू कधी गेलं ते कोणाच्या लक्षात आलं नाही. ते पुढं झाले, दांड्याला हात लावला, तोंडाखाली तळवा धरला, पाणी हुंगलं. नंतर हात टॉवेलला पुसत घरी गेले.

पुढचे काही दिवस वस्तीत मोठी मौज चालली. सकाळी धुरपताबाई वांगं घेऊन यायची, हापसा शिंकायचा, कळश्या भरायच्या. पाणी थोडं गढूळ आणि फार सांडणारं होतं, पण त्याच्यासोबत पाणबुडी मोटर ऐकावी लागत नव्हती. हापशाला कोणी कुंकू लावलं. धुरपताबाईच्या वांग्यांना बाजारात वेगळाच मान आला. अक्काच्या रानातलं पाणी त्या वेळेपुरतं बंद राहायचं, पण अक्का म्हणायची की एवढी करमणूक पिकाला सोसंल. तात्या नळाशेजारी खुर्ची टाकून बसलेले दिसायचे. त्यांनी तोटी पूर्ण सैल केली होती. तरी कोणी येत नव्हतं.

मग एका दुपारी तामलवाडीकडून एक मोटरसायकल आली. बजरंग नावाचा तरणा शेतकरी आणि त्याचा भाऊ. दोघांनी धुरपताबाईच्या उंबऱ्यावर डोकं टेकवलं.

"माय, आमच्या रानात चला," बजरंग म्हणाला. "विहीर हाय, पण पंप पाणी घेत न्हाय. आता बोअर पाडायची. तुमचं वांगं जिथं हलंल तिथं मशीन लावतो."

धुरपताबाई दोन पावलं मागं सरली. "वांगं लांब जात न्हाय, बाबा," ती म्हणाली. "ते इथल्याच मातीतलं हाय."

"मग सोमवारी गाडी घेऊन येतो. झाडासकट नेऊ."

ते गेले तशी धुरपताबाई चप्पल न घालता अक्काच्या रानात पळाली. कंप्रेसरच्या पत्र्याच्या खोलीत अक्का आणि महेश्वरी पट्ट्याला तेल देत होत्या.

"झालं का वाटोळं," धुरपताबाई म्हणाली. "तात्याची जिरवायला गेलो, आन् आता हा माणूस माज्या वांग्याच्या भरवशावर रान फोडायला निघालाय. पाणी लागलं न्हाय तर?"

"सांगून टाकू मग," अक्का म्हणाली.

"काय सांगू? की म्या मसाला पुटपुटत होते?"

"मसाला व्हता व्हय तो," दारातून आवाज आला. "मला वाटलं कानडी मंत्र हाय."

बलभीम तात्या दारात उभे होते. तात्या आत आले, कंप्रेसरवरचा काटा बघितला, मागं वळून बाहेरच्या बोअरवरचं टोपण न्याहाळलं.

"रोज सकाळी तुमच्या मोटरचा आवाज जड होतो," ते म्हणाले. "त्याच्यानंतर हापसा शिंकतो. चाळीस वर्षं म्या मोटरचे आवाज ऐकलेत, अक्का. पयल्याच दिवशी समजलं होतं."

"मग बोलला का न्हाय?" अक्कानं विचारलं.

तात्यांनी काट्यावर बोट टेकवलं. "ही अक्कल कुणी दिली तुमाला? हवा खडकातून जाती, पाणी हलकं करती?"

"तुमीच दिली, तात्या," महेश्वरी म्हणाली. "तिसऱ्या कळशीच्या नंतर."

तात्या खाली बघत होते. त्यांना राग आला असावा असं वाटलं, पण त्यांचे खांदे हलू लागले आणि मग ते मोठ्यानं हसले. हसताना त्यांना ठसका लागला. अक्कानं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"आता गावाला सांगणार का?" धुरपताबाईनं विचारलं.

"सांगायलाच पायजे. त्या तामलवाडीच्या पोरांची गाडी म्या वाटंवर बघितली. त्यांचा पैसा बोअरीत फुकट जाईल."

"सांगा. म्या पण सांगते," धुरपताबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाली. "पण मग वांग्याचं सांगताना नारळाचंबी सांगावं लागंल. वांगं खोटं आन् नारळ खरा, असं कसं चालंल?"

बाहेर शेळी ओरडली.

"एक मला सांगा, तात्या," अक्का हळू आवाजात म्हणाली. "हापशात पाणी हाय हे तर दिसलं. हवेनं वर येतं, म्हणजे खाली भरपूर हाय. मग दांडा हलवून का येत न्हाय?"

तात्यांनी टॉवेलनं तोंड पुसलं.

"वायसर," ते म्हणाले. "खाली नळीत दट्ट्या असतो. त्याच्याभोवती कातड्याचं वायसर असतं, वाटीसारखं. ते नळीला घासून बसतं म्हणून पाणी दट्ट्यावर अडतं आन् वर येतं. ते झिजलं की पाणी कडंनं खाली घसरतं. दांडा कितीबी हलवा."

"हे कवा कळलं तुमाला?"

"नारळ फिरवायच्या आधी," तात्या म्हणाले. "बायकांचं नळावर येणं सुरू झालं होतं. बरं वाटत होतं."

धुरपताबाईच्या तोंडात चांगलं तिखट वाक्य आलं होतं, पण तात्यांचा चेहरा बघून तिनं ते गिळलं. अक्कानं सगळ्यांना घरी नेऊन चहा टाकला.

सोमवारी बजरंग आणि त्याचा भाऊ गाडी घेऊन आले तेव्हा हापशापाशी सगळी वस्ती जमली होती. तात्यांनी नळदुर्गाच्या दुकानातून मोठे पान्हे आणि पाइप धरायचे चिमटे मागवले होते. हापशाचं डोकं उतरवून बाजूला ठेवलं होतं. लोखंडी पाइप एकेक करून वर काढायचे होते आणि ते काम जड होतं.

"वेळेवर आलात," धुरपताबाई बजरंगला म्हणाली. "धरा इथं."

"माय, वांगं?"

"आधी पाइप धर. वांगं कुठं पळत न्हाय."

दोघा भावांनी चिमटे धरले. बायका मागून जोर लावत होत्या, तात्या मधे उभे राहून सांगत होते, आणि पहिल्यांदाच त्यांचं प्रत्येक वाक्य लोक कान देऊन ऐकत होते, कारण हात सुटला तर पाइप खाली जाणार होता. शेवटी तळाची पितळी नळी वर आली. तात्यांनी ती उघडून दट्ट्या बाहेर काढला. वायसर झिजून पापडासारखं झालं होतं. तात्यांनी ते हातात धरून सगळ्यांना दाखवलं.

"झरा मेलेला न्हाय," ते म्हणाले. "हे मेलं होतं."

"मग तात्या, नारळ आडवा का पडला होता?" मागून कोणीतरी विचारलं.

धुरपताबाई आणि अक्का दोघी तात्यांकडं बघू लागल्या. तात्यांनी घसा साफ केला.

"नारळ कधी आडवा पडतो, कधी उभा राहतो," ते म्हणाले. "म्या हात जसा धरीन तसा."

लगेच धुरपताबाई पुढं आली. "आन् वांगं मुळीच हलत न्हाय," तिनं जाहीर केलं. "हवा अक्काच्या कंप्रेसरची होती. मसाला माजा होता." मग तिनं तो मसाला पहिल्यापासून म्हणून दाखवला. हात जोडणारी म्हातारी सगळ्यांत जास्त हसली.

बजरंग मात्र हातातल्या चिमट्याकडं बघत उभा होता. तात्यांनी त्याला बाजूला घेतलं. विहिरीचं पाणी किती खाली गेलंय, पंप कुठं बसवलाय, सगळं विचारलं.

"पंप काठावर हाय," बजरंग म्हणाला. "पाणी पार खाली, चाळीस-पन्नास फुटांवर असंल."

"मग तो कसा घेईल? काय सांगितलं म्या?" तात्यांनी सवयीनं मागं बघितलं.

"पंचवीस-तीस फुटांच्या खाली काठावरचा पंप बोंबलतो," वस्तीतल्या सगळ्या बायका एका सुरात म्हणाल्या.

"विहिरीत खाली कपारीवर पंप घे, पाण्याच्या जवळ. वर ढकलायला त्याला काय अडचण न्हाय, अडचण खालून पाणी घ्यायची हाय. बोअर पाडायची गरज न्हाय." तात्या थोडे थांबले. "म्या येतो बघायला. उद्या."

नवं वायसर बसलं. पाइप परत खाली गेले, हापशाचं डोकं चढलं. महेश्वरीनं दांडा धरला. दांडा आधी चार-सहा वेळा हलकाच खालीवर झाला, मग जड झाला आणि पाण्याची एकसंध जाड धार ओट्यावर पडली. गढूळपणा जाऊन ती नितळ व्हायला फार वेळ लागला नाही. अक्कानं संध्याकाळी आपल्या बोअरवरचं टोपण काढून त्याला हवा जायला भोक पाडून घेतलं, म्हणजे पुन्हा कॉक चुकून बंद राहिला तरी वाट मिळावी.

तात्यांच्या नळावर आता कोणी जाईना. दोन दिवस ते खुर्चीवर बसून राहिले. तिसऱ्या दिवशी खुर्ची उचलून हापशापाशी घेऊन आले आणि बसता बसताच सुरू झाले, "पंप पाणी ओढतो असं वाटतं ना तुमाला?"

धुरपताबाईनं कळशी हापशाखाली ठेवली आणि दांडा सोडून बाजूला झाली.

"तात्या, बोला की. आमी ऐकतो. पण बोलणाऱ्यानं हापसायचं, ऐकणाऱ्यानं न्हाय."

तात्यांनी इकडंतिकडं बघितलं. रांगेतल्या कोणाच्याच चेहऱ्यावर सुटका नव्हती. त्यांनी टॉवेल कमरेला बांधला आणि दांडा धरला.

तेव्हापासून तसंच चालू आहे. तात्या बोलतात आणि हापसतात. हवेची ताकद सांगता सांगता त्यांची स्वतःची जाते, त्यामुळं वाक्यं छोटी झाली आहेत. पंख्याचं वर्णन आता एका कळशीत आटपतं. सुटी एक दिवसही घेत नाहीत. तब्येत मात्र सुधारली आहे, जेवण वाढलं आहे, आणि धुरपताबाई अधूनमधून भरल्या वांग्यांचा डबा त्यांच्या खुर्चीवर ठेवून जाते.

काल महेश्वरीची शेवटची कळशी काठोकाठ भरली होती. तात्या दम घेत दांड्याला टेकले होते. तिनं कळशी कमरेवर घेतली, दोन पावलं गेली, मग थांबली, मागं फिरली, आणि मागच्या बाईची रिकामी घागर हळूच हापशाखाली सरकवत म्हणाली,

"तात्या, ते जेट पंपाचं राहिलंच की सांगायचं."

तात्यांनी कपाळाचा घाम पुसला, तिच्याकडं संशयानं बघितलं, आणि पुन्हा दांड्याला हात घातला.